बर्फ, खिळे आणि चार फेऱ्या: आइस स्पीडवेचं ‘जग’ नेमकं केवढं?

कासवगती (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात तापाने चार दिवस घरात पडून होतो. वाचायला डोळे चालेनात, म्हणून फोनवर व्हिडिओ बघत बसलो. एकातून दुसऱ्यात जाता जाता असं काही समोर आलं की ताप चढल्यामुळे भास होतोय की काय, असं वाटलं.

बर्फाचा अंडाकृती ट्रॅक. चार मोटारसायकली. वळणावर त्या इतक्या कलतात की डावं हँडल बर्फाला जवळजवळ घासतं, स्वाराचा डावा गुडघा बर्फावरून सरपटतो, आणि तरी पडत कुणीच नाही. आपण पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकवर स्कूटर वळवताना देवाचं नाव घेतो, आणि ही माणसं बर्फावर ताशी शंभरच्या पुढे जातात! सरळ पट्ट्यावर १३० पर्यंत.

मग चार दिवस दुसरं काही पाहिलं नाही. हाती लागलं ते मांडतो. चुकलं तर सांगा.

गोम टायरमध्ये आहे. गुळगुळीत रबरात साधारण पाऊण ते सव्वा इंचाचे पोलादी खिळे स्क्रूसारखे बसवलेले असतात. नियमातली कमाल लांबी ३० मिलिमीटरच्या आसपास. पुढच्या चाकाला नव्वदेक, मागच्याला दोनशे आणि त्याहून जास्त. शर्यत कायम डावीकडेच वळते, त्यामुळे खिळ्यांची दाटीही टायरच्या डाव्या अंगाला. इंजिन ५०० सीसीचं, एका सिलिंडरचं, मिथेनॉलवर चालणारं. गिअर दोन. ब्रेक शून्य. हो, ब्रेक नाहीतच. पुढच्याने अचानक ब्रेक मारला तर मागचा खिळ्यांचं चाक घेऊन त्याच्या अंगावर येईल, म्हणून नसलेलेच बरे. चाकांवर मडगार्डही असं की खिळ्यांचा जेमतेम थोडा भाग उघडा राहतो. डाव्या पायाला स्वार जुन्या टायरचा तुकडा बांधतात, बर्फावर घासायला. एवढ्या यंत्रसामग्रीत हा एकच भाग मला आपला वाटला. असा तुकडा कुठल्याही पंक्चरवाल्याकडे मिळेल.

मातीवरच्या साध्या स्पीडवेत मागचं चाक मुद्दाम घसरवत वळण घेतात. इथे खिळे घसरू देत नाहीत, त्यामुळे गाडी सरळ आडवी करायची. नाव सारखं, पण कसब अगदी वेगळं.

आता मुद्द्याचं. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाची यातली वैयक्तिक जागतिक स्पर्धा १९६६ पासून चालू आहे. पहिला विजेता सोव्हिएत संघाचा गब्द्रखमान कादिरोव, उफा शहरचा. त्याने एकूण ६ किताब जिंकले. यादी खाली वाचत गेलो आणि हसूच आलं. १९६६ ते २०२१ या ५६ हंगामांत सोव्हिएत किंवा रशियन नसलेला माणूस फक्त ७ वेळा जिंकलाय, आणि तेही ५ जणांनी मिळून. चेकोस्लोव्हाकियाचे अँतोनिन श्वाब (१९७०) आणि मिलान श्पिन्का (१९७४), स्वीडनचा एरिक स्टेनलुंड (१९८४ आणि १९८८), फिनलंडचा यार्मो हिर्वासोया (१९९०), आणि स्वीडनचाच पेर-ऊलोफ सेरेनियस (१९९५ आणि २००२). बाकी ४९ वेळा एकच बाजू. मधे निकोलाय क्रास्निकोव नावाच्या पठ्ठ्याने २००५ ते २०१२ असे सलग ८ किताब घेतले. त्याच्या आधी ताराबान्कोने १९७५ ते १९७८ सलग ४ घेतले होते, ते आता कुणाला आठवतही नसतील.

मग प्रश्न पडला. हा खेळ पसरला का नाही? थंडी हे कारण असतं तर कॅनडा आणि उत्तर जपान यात पुढे हवे होते. आणि नेदरलँड्समध्ये, जिथे आता कालवे धड गोठतही नाहीत, तिथे हा खेळ कित्येक दशकं कसा टिकला?

तुम्हाला काय वाटतं?

---

खवचट खारूताई

आमच्या चाळीत गणपतीत कॅरम स्पर्धा व्हायची, त्यात दरवर्षी तळमजल्यावरचे काका जिंकायचे. आता कळलं, ती जागतिक स्पर्धा होती.

(हलके घ्या. लेख छान.)

---

येझ्दीवाला

ताप लवकर उतरो, पण असेच धागे काढत राहा!

एक महत्त्वाचं नाव तुम्ही गाळलंत. बर्फावरच्या त्या गाड्या बहुतेक सगळ्या जावा. होय, तीच जावा. आमच्या वडिलांकडे मैसूरच्या कारखान्यातली होती. १९६१ साली तिथे उत्पादन सुरू झालं, पुढे १९७३ पासून त्याच गाड्या येझ्दी नावाने येऊ लागल्या आणि १९९६ च्या सुमारास कारखाना बंद पडला. ज्यांनी ती चालवलीय त्यांना आठवत असेल, किक आणि गिअरचा दांडा एकच. किक मारायची आणि तोच दांडा पुढे वळवून गिअर टाकायचा. नवशिक्याची पोटरी हमखास सोलवटायची.

पण बर्फावरची जावा आपल्या जावाची सख्खी बहीण नाही, चुलत म्हणा. आपली २५० सीसी टू-स्ट्रोक, ‘डुग डुग डुग’ करणारी. ही फोर-स्ट्रोक ५००. चेकोस्लोव्हाकियात दिविशोव नावाचं छोटं गाव आहे. तिथे ‘एसो’ नावाची कंपनी फक्त शर्यतीच्या गाड्या बनवायची. एसो म्हणजे चेक भाषेत पत्त्यांतला एक्का. साठच्या दशकात ती जावात विलीन झाली आणि एक्क्यावर जावाचं नाव लागलं. पुढे मातीवरच्या स्पीडवेत इटलीच्या जीएम इंजिनांनी जावाला बऱ्यापैकी हुसकावलं, पण बर्फावर मात्र जावाच टिकली. बर्फावर इंजिनाच्या टोकाच्या ताकदीपेक्षा ती खालून कशी येते याला महत्त्व, असं जाणकार सांगतात.

तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर यातच आहे. खेळ तिथे पसरतो जिथे सुटे भाग मिळतात. पोलादी पडद्याच्या पूर्वेला जावाचे भाग मिळायचे, आणि जपानी कंपन्यांना या खेळात रसच नव्हता. त्यामुळे जपानला डोंगरभर बर्फ असून उपयोग काय?

---

कासवगती

येझ्दीवाला, हे लक्षातच आलं नव्हतं. जपानबद्दलचा मुद्दा पटला. मोटारसायकलच्या धंद्यात जो देश जगाचा राजा, त्याने या खेळाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, हे चमत्कारिकच.

खारूताई, काकांना निरोप द्या, फेडरेशनकडे अर्ज करा म्हणावं.

---

म्युनिकची मावशी

अगं बाई, हा विषय इथे निघेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं!

मी प्रत्यक्ष पाहून आलेय. इन्झेलला. बव्हेरियाच्या आग्नेय कोपऱ्यातलं डोंगरातलं छोटंसं गाव, साल्झबुर्ग तिथून जवळ. नवऱ्याच्या ऑफिसातला एकजण दरवर्षी जातो, त्याने आम्हाला ओढून नेलं. मार्च महिना होता. मी म्हटलं मोटारसायकलच ना, मुलीला घेऊन जाऊ, दोन तासांत परत येऊ.

पहिली गोष्ट म्हणजे आवाज. इंजिनाचा तर आहेच, पण त्याखाली आणखी एक आवाज असतो, तो व्हिडिओत येत नाही. खिळे बर्फ फोडतात त्याचा. विळीवर बर्फाची लादी किसावी तसा, फक्त चार लाद्या एकदम आणि विळी शंभराच्या वेगात. दुसरी गोष्ट वास. मिथेनॉलचा गोडसर वास, तो स्वेटरला दोन धुण्यांपर्यंत राहिला. तिसरी म्हणजे वळणावर बसलात तर अंगावर बर्फाचा कीस उडतो. मुलीला भारी मजा वाटली, माझ्या थर्मासमधल्या चहात मात्र दोनदा बर्फ पडला.

तिथे आता छत असलेलं सभागृह आहे, माक्स आइखर अरेना. २०११ च्या सुमारास झालं. मुळात वेगवान स्केटिंगचा ४०० मीटरचा ट्रॅक. त्याआधी तिथेच उघड्या रिंकवर शर्यती व्हायच्या. जुने लोक म्हणतात, छत आल्यापासून आवाज दुप्पट झाला आणि मजा निम्मी. आवाजाबद्दल मी सहमत आहे. कानात बोळे घालून गेले नसते तर नक्की बहिरी झाले असते.

शर्यत केवढी? चार फेऱ्या. एका मिनिटाच्या आसपास खेळ खलास. मग दहा मिनिटं ट्रॅक्टर फिरतात, बर्फ खरवडतात, पाणी मारतात. मग पुढची. माझ्या शेजारी बसलेल्या आजी प्रत्येक शर्यतीचे गुण पेन्सिलने कार्यक्रमपत्रिकेत लिहीत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, अमुक साली या ट्रॅकवर अमक्याने असं केलं होतं. तोंडपाठ. आपल्याकडे रणजीचे स्कोर पाठ असलेले आजोबा असतात ना, तसंच.

कासवगतींच्या नेदरलँड्सच्या प्रश्नाबद्दल: कुणी हेरेनफेनचे असतील तर ते सांगतील, पण मला वाटतं उत्तर रिंक आहे. जिथे ४०० मीटरचं कृत्रिम बर्फाचं मैदान आहे तिथे हा खेळ. इन्झेल, बर्लिन-विल्मर्सडॉर्फ, आसेन, हेरेनफेन, अल्माटी. नकाशावर खुणा करा, स्केटिंगचा नकाशा आणि हा नकाशा बराचसा एकच निघेल.

---

डच_डबेवाला

मावशींना अनुमोदन. मी हेरेनफेनपासून तासाभरावर राहतो.

इथे लोक स्केटिंगला देव मानतात. हेरेनफेनचं थिआल्फ रिंक हे त्याचं देऊळ. त्या देवळात खिळ्यांच्या मोटारसायकली सोडायच्या म्हणजे गाभाऱ्यात बैलगाडी घालण्यासारखं. मग परवानगी कशी मिळते? स्केटिंगचा हंगाम संपत आला की. मार्चअखेर, एप्रिलच्या सुरुवातीला. तो बर्फ तसाही थोड्याच दिवसांत वितळवायचा असतो. मात्र त्यासाठी बर्फाचा थर जाड करावा लागतो, कारण खाली थंडाव्याच्या नळ्या असतात आणि खिळा तिथवर पोचला तर खेळाचं तिकीट फार महाग पडेल. पूर्वी हे सगळं आसेनला व्हायचं. तेच आसेन, जिथली डांबरी ट्रॅकवरची टीटी शर्यत जगप्रसिद्ध आहे. त्या गावाला मोटारसायकलचं वेडच. तिथला आइस रिंकवरचा कार्यक्रम नंतर हेरेनफेनला आला.

कालव्यांबद्दल तुम्ही म्हणालात ते खरंय. फ्रीसलँडमध्ये अकरा गावांतून गोठलेल्या कालव्यांवरून जाणारी जवळजवळ २०० किलोमीटरची स्केटिंग शर्यत आहे, एल्फस्टेडेनटोख्त. शेवटची झाली १९९७ च्या जानेवारीत. त्यानंतर एकदाही बर्फ पुरेसा जाड झालेला नाही. एक अख्खी पिढी ती न बघता मोठी झाली. दर हिवाळ्यात म्हातारी मंडळी थर्मामीटर बघतात आणि सुस्कारा सोडतात.

गंमत बघा. नैसर्गिक बर्फावरचा खेळ मेला आणि कृत्रिम बर्फावरचा, जो त्याहून जास्त वेडगळ, तो चालू आहे.

---

शून्यशेष

मोटारसायकलमधलं मला ओ का ठो कळत नाही. पण गुणपद्धत वाचली आणि रात्री झोप लागली नाही.

मूळ साचा असा: १६ स्वार, २० शर्यती, प्रत्येकीत ४ जण. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, शेवटच्याला ० गुण. प्रत्येकाच्या वाट्याला ५ शर्यती, म्हणजे कमाल १५ गुण. इथवर ठीक. पण प्रत्येक स्वार बाकीच्या १५ जणांपैकी प्रत्येकाशी बरोब्बर एकदाच भिडतो. ५ शर्यती गुणिले ३ प्रतिस्पर्धी म्हणजे १५. एकही जोडी दोनदा नाही, एकही सुटत नाही.

हे आपोआप जमत नाही. ४ बाय ४ चा चौकोन काढा, त्यात १ ते १६ आकडे भरा. आडव्या ओळी म्हणजे ४ शर्यती, उभ्या ओळी म्हणजे आणखी ४. उरलेल्या १२ साठी परस्परांशी जुळणारे तीन लॅटिन चौकोन (ज्यांच्या प्रत्येक आडव्या-उभ्या ओळीत प्रत्येक आकडा एकदाच येतो) लागतात, आणि ४ च्या बाबतीत ते सुदैवाने सापडतात. आता समजा एखाद्या उत्साही आयोजकाने ठरवलं, एका शर्यतीत ६ जण सोडू आणि ३६ स्वार बोलावू. जमणार नाही. पैसे टाकून नाही, संगणक लावून नाही, कधीच नाही. गणितज्ञ ऑयलरला १८ व्या शतकात शंका होती, १९०१ मध्ये ते सिद्ध झालं. स्पीडवेवाल्यांनी ४ हा आकडा रुंदीमुळे निवडला असेल, पण गणिताची लॉटरी लागली.

अवांतर झालं, माफी.

---

खवचट खारूताई

शून्यशेष, अशा अवांतरासाठीच मी इथे येते. मूळ धागा तोंडी लावायला.

---

बोनस_लाइन

जागतिक म्हणावं की नाही यावर माझे दोन पैसे.

आपण हसू नये. कबड्डीचं काय होतं? १९९० ला आशियाई खेळांत आली आणि पुरुषांचं सुवर्ण २०१४ पर्यंत दरवेळी आपलंच. आपल्याला त्यात काही विचित्र वाटलं नाही, उलट छाती फुगायची. मग २०१८ ला जकार्तात इराणने उपांत्य फेरीत आडवं केलं. मी त्या दिवशी जेवलो नव्हतो. पण दुसऱ्या दिवशी आमचे सर म्हणाले, आज खेळ मोठा झाला. तेव्हा त्यांचा राग आला होता.

म्हणून मला त्या पाच जणांची नावं महत्त्वाची वाटतात. ४९ विरुद्ध ७ हे दिसतं तितकं केविलवाणं नाही. सात वेळा कुणीतरी त्यांच्या घरात घुसून बोनस घेऊन आलंय.

त्यातल्या सेरेनियसबद्दल आणखी कुणाला माहिती आहे का?

---

कासवगती

बोनस_लाइन, सेरेनियस हे प्रकरण भन्नाट आहे. जन्म १९४८. पहिला जागतिक किताब १९९५ ला, म्हणजे सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या वयात. आपल्याकडे या वयात लोक गुडघ्याला तेल लावतात. हा गुडघा बर्फावर घासत होता. आणि दुसरा किताब २००२ ला, पन्नाशी ओलांडल्यावर! त्याच्यानंतर सलग १९ वर्षं, २००३ ते २०२१, किताब रशियाबाहेर गेला नाही. म्हणजे रशियाच्या त्या अखंड मालिकेच्या दारात उभा असलेला शेवटचा माणूस चोपन्नच्या आसपासचा होता.

वय चालतं, कारण ताकदीपेक्षा इथे सुरुवात आणि रेषा महत्त्वाची. सुरुवातीच्या रेषेवरची फीत वर गेली की पहिल्या वळणाला आत कोण पोचतो यावर निम्मा निकाल लागतो. पुढे असलेल्याच्या चाकातून उडणारा बर्फाचा मारा मागच्याला तोंडावर खावा लागतो, तेव्हा मागे राहून ओलांडणं भलतंच अवघड.

---

उरलसुरल

रशियाच्या बाजूने थोडं, नाहीतर धागा एकांगी होईल. नोकरीनिमित्त दोन हिवाळे व्होल्गाकाठी काढलेत.

इथले लोक ‘रशियन कायम जिंकतात’ असं म्हणतात तेव्हा डोळ्यांसमोर मोठी सरकारी यंत्रणा येते. ती होतीच. सोव्हिएत काळात दोसाफ नावाची संघटना होती. सैन्याला उपयोगी पडतील असे खेळ ती पोसायची: पॅराशूट, नेमबाजी, रेडिओ, मोटारसायकल. गावोगावी तिचे क्लब. मुलाला घरची गाडी असण्याची गरज नाही, क्लबात गाडी, क्लबात मेकॅनिक. आपल्याकडच्या तालमींसारखं समजा, खुराकासकट.

पण दुसरी बाजू अशी की तिथे हा गावाचा खेळ आहे. तोल्याती हे लाडा मोटारींचं शहर, तिथे हजारो माणसं उणे पंधरा तापमानात उघड्यावर उभी राहून बघतात. उफाचा तर इतिहासच वेगळा. कादिरोव उफाचा. १९६७ चा विजेता बोरिस सामोरोदोव उफाचा. मातीवरच्या जागतिक स्पीडवेत १९६४ आणि १९६५ ला दुसरा आलेला इगोर प्लेखानोवही उफाचाच. एका शहराने एवढं दिलंय. कोल्हापूरने कुस्तीला दिलं तसं.

थंडीपेक्षा रिंक महत्त्वाचं हे मला अर्धंच पटतं. रशियात रिंक नव्हती तेव्हाही फुटबॉलच्या मैदानाभोवतीच्या धावपट्टीवर पाणी ओतायचे, रात्रीत ट्रॅक तयार. फुकट बर्फ! लहान गावातसुद्धा परवडायचं. पश्चिमेकडे प्रत्येक शर्यतीला रिंकचं भाडं. मग एकीकडे पोरं रोज सराव करणार आणि दुसरीकडे वर्षातून मोजून काही दिवस. निकाल दुसरा काय लागणार?

---

म्युनिकची मावशी

उरलसुरल, हे अगदी खरं. त्या ऑफिसवाल्या मित्राने सांगितलं होतं, जर्मन आणि ऑस्ट्रियन स्वार सरावासाठी स्वीडनला गाड्या लादून जातात. बहुतेकांची दुसरी नोकरी असते. ऑस्ट्रियाचा फ्रान्झ झोर्न कित्येक वर्षं पहिल्या फळीत टिकून राहिला, त्याच्यासाठी स्टेडियम उभं राहायचं. तो जिंकला नसता तरी लोक तेवढेच ओरडले असते.

---

मिनेसोटाचा मुरारी

कॅनडा-अमेरिकेबद्दल कुणीच बोलत नाहीये म्हणून टंकतोय.

इकडे बर्फावर मोटारसायकल चालवत नाहीत असं नाही. जानेवारीत तळी गोठली की त्यावर मच्छीमारांच्या खोपट्या, पिकअप ट्रक आणि पलीकडे ट्रॅक आखून शर्यत. पण पद्धत वेगळी. टायरमध्ये लांब खिळे नाहीत, षटकोनी डोक्याचे छोटे स्क्रू. ते दुकानात खोक्याने मिळतात. माझ्या शेजाऱ्याने गॅरेजमध्ये बसून दोन रात्रीत एक टायर भरला. मी मदतीला गेलो आणि अंगठ्यात एक भरून आलो.

म्हणजे खेळ आहे, लोक आहेत, तळी तर मोजता येणार नाहीत इतकी. पण गाडी मोटोक्रॉसची, टायर आपला आपण केलेला, नियम त्या त्या क्लबचे. युरोपातल्या त्या खास गाड्या विकत घ्यायच्या, त्याही इकडे फक्त त्याच कामाला चालणाऱ्या, कोण घेणार? कासवगतींच्या ‘का पसरला नाही’ला माझं उत्तर: पसरलाय, पण दुसऱ्या नावाने आणि दुसऱ्या टायरवर. गल्ली क्रिकेटला कुणी आयसीसीची मान्यता मागत नाही.

---

कासवगती

मुरारी, हा दृष्टिकोन डोक्यातच नव्हता आला. मी ‘महासंघाच्या यादीत नाव’ म्हणजे प्रसार असं धरून चाललो होतो. माझी चूक. अंगठा कसा आहे?

आता नाजूक विषय. २०२२ च्या मार्चमध्ये, युक्रेनवरच्या हल्ल्यानंतर, महासंघाने रशिया आणि बेलारूसच्या स्वारांवर बंदी घातली. त्यानंतर २०२३ चा किताब स्वीडनच्या मार्टिन हाराहिल्टुनेनने जिंकला. सेरेनियसनंतर वीस-एकवीस वर्षांनी किताब स्वीडनकडे परतला. पण दानिल इवानोव (२०१३, २०१४, २०१९, २०२०) आणि कोल्ताकोव (२०१५, २०१७, २०१८) यांच्यासारखे मैदानातच नाहीत. या किताबाचं मोल किती धरायचं?

---

खवचट खारूताई

तळमजल्यावरचे काका गावाला गेले आणि दुसऱ्या मजल्यावरचा बंड्या जिंकला. कप खरा, पेढे खरे. बंड्याने काकांना घालवलं नव्हतं.

---

उरलसुरल

खारूताईंशी सहमत होण्याची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. बंदी योग्य का अयोग्य यात मी शिरत नाही. पण स्वाराने समोर उभ्या असलेल्यांना हरवायचं असतं, तेवढंच त्याच्या हातात.

मला काळजी वेगळीच वाटते. वैयक्तिक किताब सोडा, १९७९ पासून सांघिक जागतिक स्पर्धाही आहे, आणि तिथेही हीच कथा, बहुतेक वेळा लाल झेंडा नाहीतर तिरंगी पट्टे. रशिया गेला म्हणजे फक्त विजेते गेले नाहीत. शर्यतीची ठिकाणं गेली, प्रेक्षक गेले, आणि सगळ्यात मोठं म्हणजे मोजमापाची पट्टी गेली. आता हंगाम म्हणजे मुख्यतः इन्झेल आणि हेरेनफेन. दोन गावं!

---

डच_डबेवाला

आणि दोन्ही छताखाली. उघड्या रिंकवरच्या शर्यतीत एक बिनभरवशाची गोष्ट असायची, हवा. बर्लिनला ऊन पडलं की बर्फाचा लगदा व्हायचा, वळणावर चर पडायचे, मग अनुभवी माणूस वर यायचा. छताखाली बर्फ एकसारखा. स्केटिंगसाठी बरं, पण या खेळाची खोडी थोडी कमी झाली.

अल्माटीचं मेदेओ रिंक मला बघायचंय. १६९१ मीटर उंचीवर, डोंगरांच्या कुशीत. तिथेही जागतिक मालिकेच्या शर्यती झाल्यात. विरळ हवेत इंजिनाचा दम कमी पडतो म्हणे, मेकॅनिकची परीक्षा.

---

शून्यशेष

पुन्हा मी. काल कलण्याचा हिशेब केला. गाडी उभ्या रेषेपासून ६० अंश कलली आणि तरी समतोल राहिली, तर बाजूचा जोर वजनाच्या १.७३ पट असायला हवा, म्हणजे पावणेदोन पट. साध्या टायरला कोरड्या डांबरावर एवढी पकड देणं जड जातं. इथे ती बर्फावर मिळते, कारण ही पकड घर्षणाची राहिलेलीच नाही. खिळा बर्फात रुतून भिंतीला टेकल्यासारखा टेकतो. तेव्हा ‘बर्फावर घसरत कसे नाहीत’ हा प्रश्नच चुकीचा. ते बर्फावरून जात नाहीत, बर्फातून जातात.

---

येझ्दीवाला

शून्यशेष, शेवटचं वाक्य गॅरेजमध्ये रंगवून घेतो.

पोराला हा धागा वाचून दाखवला. तो विचारतो, बाबा, आपल्या गाडीला खिळे लावता येतील का. म्हटलं, आपल्या रस्त्यावर महापालिकेने आधीच पुरेसे सांडून ठेवलेत.

---

म्युनिकची मावशी

पुढच्या मार्चला कुणी येणार असेल तर आधी सांगा, तिकिटं एकत्र काढू. गावात राहायला जागा लवकर संपते, आसपासच्या खेड्यात बघावी लागेल. ट्रेन इन्झेलपर्यंत जात नाही, शेवटी बस. कानात घालायचे बोळे माझ्याकडे भरपूर आहेत. चहाचा थर्मास मात्र झाकणवाला आणा.

---

बोनस_लाइन

मी येतो. व्हिसाचं बघतो. त्या पेन्सिलवाल्या आजी अजून येतात का?

---

म्युनिकची मावशी

गेल्या खेपेला होत्या. पेन्सिल नवी होती.